आधी बॉलला लागला होता!

११ जून २०२४. दोह्यातल्या जासिम बिन हमद स्टेडियमवर कतार विरुद्ध भारत हा विश्वचषक पात्रतेचा सामना चालू होता. सुनील छेत्रीने पाचच दिवसांपूर्वी कोलकात्यात देशाकडून शेवटचा सामना खेळला होता आणि त्याच्या निवृत्तीनंतर संघ पहिल्यांदाच उतरला होता. ३७व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेने गोल केला. हा सामना जिंकला असता तर भारत पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पहिल्यांदाच पोचला असता. ७३व्या मिनिटाला कतारचा एक हेडर गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडवला आणि चेंडू गोलरेषा ओलांडून बाहेर गेला. भारताचे खेळाडू कॉर्नरच्या तयारीने थबकले. तेवढ्यात कतारच्या हाश्मी हुसेनने तो बाहेरचा चेंडू पायाने आत ओढला आणि युसूफ आयमेनने जाळ्यात मारला. दक्षिण कोरियाचे रेफरी किम वू-सुंग यांनी गोल दिला. ८५व्या मिनिटाला अहमद अल-रावीने दुसरा गोल केला आणि १-२ अशा पराभवाबरोबर भारताची वाट बंद झाली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तक्रार केली, चौकशीची मागणी केली. निकाल बदलला नाही. आठवड्याच्या आत प्रशिक्षक इगोर स्टिमाक यांना पदावरून दूर करण्यात आलं.

त्या रात्री देशभर जो संताप उसळला तो रास्त होता. रिप्ले बघणाऱ्या कोणालाही चेंडू बाहेर गेलेला दिसत होता. मात्र त्या संतापातून पुढे जी चर्चा झाली, ती बघता बघता रेषेवरून घसरली. मग पंच विकले गेले, मग आशियाई संघटना आपल्या विरोधात, मग आपल्याला कायमच असं वागवतात, असं ती वाहवत गेली. सामना कोणताही असो, फुटबॉलवरचा वाद बहुतेक वेळा याच वाटेने जातो. म्हणूनच या वादाकडे जरा थांबून बघायला हवं, कारण त्यात तीन निरनिराळे प्रश्न एकात एक गुंतलेले असतात.

पहिला प्रश्न घडलं काय, हा. चेंडू रेषेबाहेर गेला की नाही? त्याचं उत्तर एकच असतं आणि ते मोजता येतं. फुटबॉलच्या सतरा नियमांपैकी नववा नियम सांगतो की चेंडू जमिनीवरून किंवा हवेतून पूर्णपणे रेषेपलीकडे गेला तरच तो बाहेर. इथे ‘पूर्णपणे’ या शब्दाला वजन आहे. दोह्याच्या त्या सामन्याआधी दीड वर्ष, १ डिसेंबर २०२२ रोजी, त्याच कतारमध्ये विश्वचषकाच्या मैदानावर जपानने स्पेनला २-१ असं हरवलं. निर्णायक गोलाआधी काओरू मितोमाने गोलरेषेवरून चेंडू मागे ओढला होता. बाजूच्या कॅमेऱ्यातून तो सरळ सरळ बाहेर दिसत होता, कारण चेंडू जमिनीला जिथे टेकला होता ती जागा रेषेपलीकडे होती. पण चेंडू गोल असतो. वरून पाहिलं तेव्हा त्याच्या फुगीर कडेचा अगदी बारीकसा भाग रेषेच्या वर लोंबत असल्याचं निघालं. व्हिडिओ पंचांनी गोल मान्य केला, जपान गटात अव्वल आला आणि जर्मनी घरी गेला.

एकाच देशात, एकाच रेषेवर, दोन निर्णय. एका ठिकाणी कॅमेरे होते, मोजमाप होतं. दुसऱ्या ठिकाणी, पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत, व्हीएआरची, म्हणजे व्हिडिओ पंचांची, सोयच नव्हती. भारताचा गुन्हेगार शोधायचा असेल तर तो या तफावतीत आहे. ज्यांचा पुढचा सगळा प्रवास एका सामन्यावर अवलंबून आहे, अशा संघांना साधनांशिवाय खेळवणं हा अन्याय आहे, आणि तो एका कोरियन माणसाच्या डोळ्यांवर ढकलून देता येत नाही.

असाच अन्याय महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोरही घडला आहे. २५ ऑक्टोबर २०१७ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य लढत होती, स्पेन विरुद्ध माली. स्पेन २-० असा पुढे असताना मालीच्या एका खेळाडूने दुरून मारलेला फटका आडव्या दांड्याला लागून खाली आपटला, तोही रेषेच्या आत. खेळ तसाच चालू राहिला. त्या स्पर्धेत गोलरेषा-तंत्रज्ञान नव्हतं. माली ३-१ असा हरला. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा जर्मनीविरुद्धचा असाच गोल नाकारला गेला तेव्हा जगभर गदारोळ झाला आणि २०१२ मध्ये गोलरेषा-तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली. मालीच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी तसा गदारोळ झाला नाही.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. फाउल होता की नाही?

तो अवघड का वाटतो हे कळायला वर्ध्याच्या प्रेक्षकाकडे वळायला हवं. नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्याला लागलं की जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम दिसतं. २००८ पासून तिथे कसोटी सामने होताहेत. सेलू, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या भागातली आजची तरुण पिढी त्या स्टेडियमच्या सावलीत आणि क्रिकेटच्या भाषेत वाढली. फुटबॉल तिच्याकडे नंतर आला, तो मोबाइलवरून. मँचेस्टर, माद्रिद, बार्सिलोनाचे रात्री उशिराचे सामने जागून बघणारी ही मुलं खेळ जाणतात, खेळाडूंची नावं तोंडपाठ सांगतात. पण निर्णय जोखताना त्यांच्या मनात क्रिकेटची सवय असते. क्रिकेटमध्ये चेंडू बॅटीला लागला की नाही याचं उत्तर यंत्र देतं, आणि पायचीतचा मार्गही ते काढून दाखवतं. त्यामुळे प्रत्येक निर्णयाला एक बरोबर उत्तर असलंच पाहिजे असं वाटू लागतं. मग पेनल्टी दिली की आवाज उठतो, ‘काहून दिली बे? आधी बॉलला लागला होता!’

हे वाक्य वर्ध्यात जसं ऐकू येतं तसंच कोल्हापुरात आणि मडगावातही. गंमत नव्हे, वस्तुस्थिती अशी की फाउलचा नियम सांगणाऱ्या बाराव्या कलमात ‘आधी चेंडूला लागलं तर फाउल नाही’ असं कुठेही लिहिलेलं नाही. कलम विचारतं ते वेगळंच. प्रतिस्पर्ध्याला धक्का देणं, ढकलणं, लाथ मारणं किंवा मारायचा प्रयत्न करणं, अंगावर उडी घेणं, पाडणं, टॅकल करणं यांपैकी काही घडलं का? घडलं असेल तर ते निष्काळजीपणे झालं, बेदरकारपणे झालं, की अवाजवी ताकद लावून झालं? निष्काळजी असेल तर फ्री किक, कार्ड नाही. बेदरकार असेल, म्हणजे समोरच्याला होणाऱ्या धोक्याची फिकीरच केली नसेल, तर पिवळं. ताकद अवाजवी असेल आणि समोरच्याच्या जिवावर बेतण्यासारखं असेल तर लाल. चेंडूला पाय लागून पुढच्या क्षणी बुटाचे स्टड दुसऱ्याच्या नडगीत घुसले, तर चेंडू मिळाला याने काहीही धुऊन निघत नाही.

निष्काळजी, बेदरकार, अवाजवी. या तीन शब्दांना फूटपट्टी लावता येत नाही. दोन जाणते, प्रामाणिक रेफरी एकच टॅकल बघून वेगवेगळी कार्डं काढू शकतात आणि दोघंही नियमाच्या चौकटीतच असतात. ही नियमातली त्रुटी नाही. शरीराला शरीर भिडणाऱ्या खेळात प्रत्येक स्पर्शाला शिक्षा द्यायची तर खेळ दहा सेकंदही चालणार नाही, म्हणून कायदा करणाऱ्यांनी माणसाच्या विवेकावर मुद्दाम जागा सोडली. १८८६ साली स्थापन झालेलं आणि आजही या नियमांची मालकी सांगणारं आंतरराष्ट्रीय मंडळ, ज्याला आयफॅब म्हणतात, दरवर्षी शब्द बदलतं, उदाहरणं वाढवतं. तरी ही जागा कायम आहे.

‘शेवटचा माणूस होता, लाल कार्डच पाहिजे’ हे दुसरं आवडतं वाक्य. तेही नियमात नाही. गोलची उघड संधी हिरावली का हे ठरवताना रेफरीने चार गोष्टी बघायच्या असतात: गोलपासूनचं अंतर, खेळाचा रोख, चेंडू ताब्यात राहण्याची किंवा येण्याची शक्यता, आणि बचावपटूंची जागा व संख्या. मागे कोणीच नसलं तरी हल्लेखोर कॉर्नरच्या झेंड्याकडे पळत असेल तर लाल कार्ड नाही. उलट मागे दोन बचावपटू असले, पण तेही चेंडूपासून दूर असले, तर लाल होऊ शकतं. शिवाय २०१६ पासून एक बदल आहे. पेनल्टी बॉक्समध्ये चेंडू खेळण्याचा खरा प्रयत्न करताना फाउल झाला तर पेनल्टी मिळते, पण कार्ड पिवळंच निघतं, कारण पेनल्टी, लाल कार्ड आणि पुढच्या सामन्याची बंदी अशी तिहेरी शिक्षा फार जड होत होती. हा बदल होऊन दशक उलटत आलं तरी मैदानाच्या कडेला जुनाच नियम ओरडला जातो.

हाताला चेंडू लागण्याचं तर विचारूच नये. २०१९ मध्ये आयफॅबने हा नियम जवळजवळ नव्याने लिहिला, दोन वर्षांत पुन्हा दुरुस्त केला. आज खांद्याखाली काखेच्या सपाटीपासून हात सुरू होतो असं धरतात. मुद्दाम लावलेला हात गुन्हा आहे. अंग अनैसर्गिकपणे मोठं करणारा हात गुन्हा आहे. स्वतःच्या हाताला चुकून लागलेल्या चेंडूवर त्याच खेळाडूने थेट किंवा लगेच गोल केला तर तोही रद्द. पण सहकाऱ्याच्या हाताला चुकून लागला आणि मग दुसऱ्याने गोल केला तर २०२१ पासून तो चालतो. घसरताना आधाराला टेकवलेला हात, धावताना हलणारा हात, बचावाच्या भिंतीत तोंडासमोर धरलेला हात, यांतला ‘अनैसर्गिक’ कोणता? इथे सर्वोत्तम रेफरींचीही मतं फुटतात, आणि पाठीराख्यांना भांडायला जागा असेल तर ती खरोखर इथेच आहे.

व्हीएआर या जागेत फारसं शिरत नाही, हेही लोकांना सांगायला हवं. विश्वचषकात ते २०१८ ला आलं. तेव्हा त्याला चारच बाबतींत बोलता येत होतं: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड. तेही चूक उघड आणि ढळढळीत असेल तरच. म्हणजे मैदानावरच्या पंचाने ‘बेदरकार’ म्हटलं आणि व्हिडिओ खोलीतल्या पंचाला ‘निष्काळजी’ वाटलं तर निर्णय बदलायचा नाही. यंत्र आल्यावर वाद मिटतील असं ज्यांना वाटलं होतं त्यांची निराशा ठरलेलीच होती. वस्तुस्थितीचे वाद बरेच मिटले. मताचे वाद आता संथ गतीच्या चित्रांसह होतात.

तिसरा प्रश्न कार्यपद्धतीचा, आणि भारतीय फुटबॉलमधला एक अतिशय गाजलेला वाद त्यावरच झाला. ३ मार्च २०२३, बंगळुरूचं कंठीरवा स्टेडियम, इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना, बंगळुरू एफसी विरुद्ध केरला ब्लास्टर्स. नियमित वेळ गोलशून्य. जादा वेळेत ९६व्या मिनिटाला बंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचा गोलरक्षक भिंत लावत होता. छेत्रीने चेंडू पायाने अलगद उचलून जाळ्यात टाकला आणि रेफरी क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघाला मैदानाबाहेर बोलावलं आणि तो परत आलाच नाही. बंगळुरूला विजयी घोषित केलं गेलं. पुढे केरळला चार कोटींचा दंड झाला, प्रशिक्षकाला दहा सामन्यांची बंदी.

वाद कशावर होता? पटकन फ्री किक घेण्याचा हक्क नियमाने दिलेलाच आहे. ज्याच्याविरुद्ध फाउल झाला त्याने शिट्टीची वाट बघत बसायचं कारण नाही. पण एकदा रेफरीने भिंतीचं अंतर मोजायला, खेळाडूंना मागे सारायला सुरुवात केली की शिट्टीशिवाय किक घेता येत नाही. त्या काही सेकंदांत रेफरीने नेमकं काय केलं, छेत्रीला काय सांगितलं, केरळच्या खेळाडूंना काय सांगितलं, यावर सगळं ठरत होतं. केरळच्या पाठीराख्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. पण मैदान सोडणं चूकच होतं, आणि ते आजही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवं. खेळाबाबतच्या वस्तुस्थितीवर रेफरीचा निर्णय अंतिम असतो असं पाचवं कलम सांगतं. हे कलम रेफरी चुकत नाही असं म्हणत नाही. चुकला तरी सामना पूर्ण झाला पाहिजे, एवढंच ते म्हणतं.

त्याच वर्षी २० डिसेंबरला अंधेरीत मुंबई सिटी आणि मोहन बागान भिडले. मुंबई २-१ जिंकली, पण लक्षात राहिली ती सात लाल कार्डं. पहिलं तेराव्या मिनिटाला निघालं. काही तर शेवटची शिट्टी वाजून गेल्यावर निघाली. ‘रेफरीने सामना हातचा घालवला’ असं एक मत, ‘खेळाडूंनी दुसरा पर्यायच ठेवला नाही’ असं दुसरं. दोन्ही मतांत तथ्य आहे. सुरुवातीला कडक कार्ड काढलं की उरलेला सगळा सामना त्याच मापाने मोजावा लागतो, आणि खेळाडू ते माप मानायला तयार नसतील तर कार्डं वाढतच जातात. २०२४ च्या युरो स्पर्धेपासून रेफरीशी बोलायला फक्त कर्णधाराने जायचं, बाकीच्यांनी घोळका केला तर पिवळं कार्ड, हा शिरस्ता आला तो अशाच अनुभवांतून.

महाराष्ट्रात फुटबॉलवरच्या वादाची राजधानी एकच, कोल्हापूर. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं तिथे घराण्यांसारखी घेतली जातात. जिथे पैलवान घडले त्याच तालमींनी फुटबॉल संघ उभे केले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियम भरतं आणि पेठापेठांतली चुरस गॅलरीत येऊन बसते. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. अशा ठिकाणी एक ऑफसाइड, एक पेनल्टी कित्येक दिवस चौकात चघळली जाते. वाद शब्दांत राहतो तोवर तो या शहराचं वैभव आहे. जेव्हा तो मैदानात उतरतो, दगड आणि बाटल्या येतात, पोलीस बंदोबस्ताशिवाय सामना खेळवता येत नाही, तेव्हा पहिला बळी जातो तो रेफरीचा. ज्या गावात शिट्टी वाजवणाऱ्याला घरी सुखरूप जाण्याची चिंता करावी लागते, तिथे पुढच्या पिढीतला कोणता मुलगा रेफरी व्हायला येईल?

भारताने चांगले पंच घडवले आहेत. २००२ च्या विश्वचषकात के. शंकर सहायक पंच होते. गोव्याच्या उवेना फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये जॉर्डनला झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात काम केलं. ही नावं पाठीराख्यांच्या गप्पांत कधी येत नाहीत. रेफरीचं नाव लोकांना कळतं ते तो चुकल्यावरच.

वर्ध्याला ना शाहू स्टेडियम आहे, ना सुपर लीग. पण फुटबॉल आहे. दरवर्षी सुब्रतो चषकाची शालेय स्पर्धा जिल्हा पातळीपासून सुरू होते, जिंकलेला संघ नागपूर विभागाला खेळायला जातो. १९६० पासून चालत आलेल्या या स्पर्धेच्या पायथ्याशी असे सामने असतात जिथे कॅमेरा नाही, रिप्ले नाही, बऱ्याचदा शिट्टीही एखाद्या शाळेच्या शारीरिक शिक्षण शिक्षकाच्याच तोंडात असते. कडेला पालक आणि दुसऱ्या शाळेचे शिक्षक उभे असतात. तिथे पंधरा वर्षांच्या पोराला जे ऐकू येतं, ते त्याच्या डोक्यात कायमचं बसतं. ‘रेफरी विकला गेला’ हे वाक्य तिथेच शिकलं जातं. ‘फाउल होता, पण कार्डाइतका नव्हता’ हे वाक्यही तिथेच शिकवता येईल.

आणि वाद कसा घालायचा हे शिकवणारी एक जागा वर्ध्यापासून पाऊणशे किलोमीटरवरच आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी मुलं त्यांनी पाहिली होती. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं, २०१६ मध्ये त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, आणि २०२२ च्या नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मुळे ते घराघरांत पोचलं. स्लम सॉकर ज्या जागतिक जाळ्याशी जोडलेलं आहे, त्यात फुटबॉलची एक निराळी पद्धत विकसित झाली. तिचं मूळ कोलंबियातल्या मेडेयीन शहरात आहे. १९९४ च्या विश्वचषकात स्वयंगोल केलेला बचावपटू आंद्रेस एस्कोबार मायदेशी परतल्यावर गोळ्या घालून मारला गेला, त्यानंतर तिथल्या वस्त्यांमध्ये ती सुरू झाली. या खेळाचे तीन भाग असतात. पहिल्यात दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवतात. दुसऱ्यात खेळतात, रेफरीशिवाय. तिसऱ्यात पुन्हा बसून कोण ठरल्याप्रमाणे वागलं, कुठे फाउल लपवला गेला, यावर बोलतात आणि वागणुकीचे गुण देतात. एक मध्यस्थ असतो, पण तो शिट्टी वाजवत नाही.

इथे फाउल केलेल्यानेच तो कबूल करायचा असतो. आरंभीच्या काळात सुसंघटित फुटबॉलमध्येही संघ आपापले पंच आणत आणि खेळाडूंनी दाद मागितली तरच निर्णय दिला जाई. रेफरी मैदानात आला आणि पेनल्टी किक नियमात आली ती १८९१ मध्ये. मोठ्या फुटबॉलला पैशाच्या आणि ईर्ष्येच्या रेट्याने शिट्टी लागली हे समजण्यासारखं आहे. पण दहा-बारा वर्षांच्या मुलांनी हंगामातले निदान काही सामने तीन भागांत खेळावेत, याला वर्ध्यात कोणाची आडकाठी असणार?

खर्चाची सबब आता व्हिडिओच्या बाबतीतही लंगडी पडू लागली आहे. व्हीएआरसाठी वेगळी खोली आणि प्रशिक्षित पंचांचा ताफा लागतो. त्याऐवजी २०२४ मध्ये फिफाने मुलींच्या विश्वचषकांत एक साधी पद्धत वापरून पाहिली: प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोन दाद मागण्याचा हक्क, आणि रेफरी मैदानाच्या कडेच्या पडद्यावर स्वतःच चित्रण बघून ठरवणार. क्रिकेटवर वाढलेल्या विदर्भातल्या प्रेक्षकाला ही पद्धत पहिल्याच दिवशी कळेल. राज्य पातळीवरच्या अंतिम सामन्यांना तरी ती आणायला हवी.

त्याआधी एक काम बिनखर्चाचं आहे. आयफॅबचं नियमांचं पुस्तक कोणालाही फुकट वाचता येतं. अधिकृत भाषा इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश. मराठी त्यात नाही. जिल्हा संघटना, शाळा आणि क्रीडा खातं यांनी मिळून बारावं कलम तरी नीट मराठीत छापावं आणि सुब्रतोच्या सामन्याआधी दोन्ही संघांना, त्यांच्या शिक्षकांना आणि कडेला उभ्या राहणाऱ्या पालकांना वाटावं. जुलै २०२५ पासून गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांहून जास्त हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदं रेफरी हात उंचावून बोटांवर मोजतो. वर्ध्याच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर हा कॉर्नर पहिल्यांदा दिला जाईल तेव्हा आरडाओरडा होणारच, आणि त्या वेळी कडेच्या निदान दोघांना तरी ती मोजलेली बोटं कशासाठी होती हे ठाऊक असायला हवं.